त्रैराशिक आणि लांब पल्ल्याची धाव

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांत बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. ४२.७५ किलोमीटरांचे अंतर त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत तोडून एकोणिसावा क्रमांक मिळविला. म्हणजे दर किलोमीटरास चार मिनिटांहूनही किंचित कमी वेळ.

समजा, आज निपाणीचा एखादा तरुण १० किलोमीटर ४० मिनिटांत धावतो. त्याचाही वेग किलोमीटरास चार मिनिटे. मग तो चौगुल्यांच्या तोडीचा झाला काय ? त्रैराशिक म्हणते, झाला, ४२.१९५ किलोमीटरांची आजची मॅरेथॉन तो सुमारे २ तास ४९ मिनिटांत पुरी करील. पण माणसाचा दम त्रैराशिकाने चालत नाही.

मुंबईत कुलाब्यास जन्मलेले व पुढे अमेरिकेत विद्युत्शास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले आर्थर केनेली यांनी १९०६ साली घोड्यांच्या व माणसांच्या शर्यतींचे विक्रम तपासून एक नियम मांडला. त्यानुसार अंतर दुप्पट झाले की वेळ दुप्पट न होता सुमारे २.१८ पट होतो. पुढे अमेरिकन अभियंते पीट रीगल यांनी १९७७ साली सुधारित सूत्र दिले. त्यात हाच आकडा सुमारे २.०८ येतो. आपल्या तरुणास केनेलींचा नियम मॅरेथॉनसाठी ३ तास २२ मिनिटे देतो, तर रीगल यांचे सूत्र ३ तास ४ मिनिटे. रीगल यांच्याच सूत्राने उलट हिशेब केला, तर चौगुल्यांची बरोबरी करू पाहणाऱ्याने १० किलोमीटर साडेछत्तीस मिनिटांच्या आसपास धावले पाहिजेत. त्या धावेचे खरे मोल येथे कळते.

या गणिताचा व्यवहारातील उपयोग मोठा आहे. आरंभीच चार मिनिटांचा वेग धरणारा तरुण पुढे गळून जाण्याचा संभव अधिक. सूत्र त्यास ४ मिनिटे २२ सेकंदांचा वेग सुचविते.

तथापि सूत्राच्याही मर्यादा आहेत. ते विक्रमवीरांच्या वेळांवरून बेतलेले आहे. दोन्ही अंतरांची तयारी सारखीच झाली आहे, असे ते गृहीत धरते. तवंदी घाटाचा चढ किंवा एप्रिलचे ऊन त्यास ठाऊक नाही. लष्करभरतीची १.६ किलोमीटरांची दौड मारणाऱ्याने तीवरून थेट मॅरेथॉनचा अंदाज बांधू नये. उडी जितकी लांब, तितकी चूक मोठी. त्यापेक्षा नीट मोजलेल्या रस्त्यावर १० व २१ किलोमीटर, पुरेशी विश्रांती मध्ये ठेवून, धावावे आणि आपला दम अंतराबरोबर किती उतरतो, हे स्वतःच काढावे. सराव वाढला की हा आकडाही सुधारतो. सूत्राने सांगितलेली वेळ ही आजच्या तयारीची मोजणी आहे. ती धावपटूच्या कर्तृत्वाची सीमा नव्हे.