रंगाचे पाणी आणि सूर्याचा उजेड



आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सोलापुरास, चादरीचे सूत रंगविण्याच्या एका कारखान्यात. सूत हौदातून काढले की उरलेले लाल-निळे पाणी गटारात जाई. तक्रार करावी तर कारखान्याला टाळे आणि आमची चूल बंद. न करावी तर खालच्या वस्तीची विहीर रंगीत. या पेचात आम्ही अनेक वर्षे काढली, म्हणूनच आजचा विषय घेतला.

चादरीचा रंग धुण्याने जाऊ नये, उन्हाने विटू नये, असा पक्का केलेला असतो. हा पक्केपणाच गटारात शत्रू होतो. पाण्यातले जंतू त्याला सहजी खात नाहीत.

भिंतीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड नावाची भुकटी असते. तिच्यावर उजेड पडला की आतला इलेक्ट्रॉन वरच्या माळ्यावर उडी घेतो. त्यातून पाणी आणि हवा यांच्या संयोगाने असे जहाल कण निपजतात की ते रंगाच्या रेणूचे तुकडे करतात. जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ साली याच द्रव्यावर उजेड पाडून पाणी फोडून दाखविले होते. अडचण एवढीच, की माळा फार उंच. ती उडी फक्त अतिनील किरणांना साधते आणि उन्हात ते शेकडा चार-पाचच!

मग शास्त्रज्ञांनी भेसळ केली. आम्ही जन्मभर भेसळीविरुद्ध बोललो, पण ही भेसळ उपकाराची आहे. नायट्रोजनासारखे द्रव्य किंचित मिसळले की माळ्याच्या वाटेत जणू एक पायरी बसते आणि डोळ्यांना दिसणारा उजेडही कामास येतो. असाही व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००१ साली दाखविले. कण अतिसूक्ष्म ठेवतात, कारण गुळाच्या ढेपेपेक्षा चुरा लवकर विरघळतो, तसेच येथे.

मात्र चंचुपात्र वेगळे आणि हौद वेगळा. गडद पाण्यात उजेड खोल शिरत नाही, रंगाईतले मीठ आडवे येते, आणि भुकटी पाण्यातून परत गाळून घ्यावी लागते. शिवाय रंग गेला म्हणजे विष गेले, असे नव्हे. काही रंग अर्धवट तुटले तर बेंझिडिनसारखी कर्करोग आणणारी द्रव्ये उरू शकतात. बेंझिडिनपासून बनणाऱ्या रंगांवर आपल्या देशात १९९३ साली बंदी आली ती उगाच नव्हे.

म्हणून आमचे मागणे असे: उद्या मालकाने स्वच्छ पाण्याचा पेला पुढे धरला तर टाळ्या वाजवू नका, तपासणीचा कागद मागा. केदारेश्वराच्या दगडांवर तळपणारे हे ऊन फुकटचे आहे. त्याला कामास लावा, पण हिशेब आपल्या हाती ठेवा. कारखानाही चालला पाहिजे आणि विहीरही पिण्याजोगी राहिली पाहिजे.