नटराज परत आला, जुन्या फोटोंमुळे

तामिळनाडूतलं श्रीपुरंथन गाव. चोळांच्या काळातलं मंदिर, पूजा बंद, दाराला कुलूप. 2006 मध्ये चोरांनी तिथला ब्राँझचा नटराज उचलला आणि 2008 पर्यंत गावाला पत्ताच नाही! तोवर न्यूयॉर्कचा डीलर सुभाष कपूरने तो ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीला विकलासुद्धा, 50 लाख डॉलरला. सोबत कागद: मूर्ती 1972 चा पुरावस्तू कायदा येण्याआधीच भारताबाहेर गेलीय म्हणे. साफ खोटे.

मग सापडला कसा? पुद्दुचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने चोरीच्या कितीतरी आधी देवळातल्या मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते. ते गॅलरीच्या फोटोंशेजारी ठेवले. या मूर्तींचा साचा ओतकामानंतर फोडतात, त्यामुळे दोन मूर्ती तंतोतंत सारख्या नसतात. खुणा जुळल्या, विषय संपला. माझा राग खरं तर गॅलरीवर जास्त. एवढे पैसे मोजताना पुद्दुचेरीला एक फोन नाही?

2014 मध्ये नटराज परत आला. कपूरला 2022 मध्ये दुसऱ्या एका मूर्तिचोरीत 10 वर्षांची शिक्षा झाली.

तुमच्या गावच्या देवळातल्या मूर्तींचे फोटो आहेत कुणाकडे? पुजाऱ्यांना विचारून काढा. समोरून, मागून, शेजारी मोजपट्टी ठेवून.