‘सकाळपर्यंत उतरेल’



मद्यपान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो तो रोज गुत्त्यावर जाणारा, संसाराची धूळधाण करणारा व्यसनी मनुष्य. आपल्या घरीं तसें कोणी नाहीं, या समाधानांत आपण असतों. परंतु आज मी बोलणार आहें तें निराळ्याच माणसाविषयीं. महिनाभर दारूला न शिवणारा, पण एखाद्या शनिवारीं किंवा ३१ डिसेंबरच्या रात्रीं दोनतीन तासांत भरमसाट पिणारा सुशिक्षित तरुण, आणि त्याला तोच कित्ता घालून देणारा प्रौढ गृहस्थ, यांच्याविषयीं.

भरमसाट म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीस ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क ही अतिपानाची खूण मानते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगांत सुमारें १० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे सहा पेग झाले. ‘आम्ही नुसती बिअर घेतों’ म्हणणारांनीं ध्यानांत ठेवावें कीं, स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलींत असे जवळजवळ चार पेग असतात.

आतां शरीराकडे पाहूं. यकृत हा संथ कारकून आहे. मेजावर कागदांचा कितीहि ढीग पडो, तो आपली गति सोडीत नाहीं. तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क, एवढेंच त्याचें काम. लिंबूपाणी, काळी कॉफी, डोक्यावर थंड पाणी यांनीं तें वाढत नाहीं. उलट, पेला खालीं ठेवल्यावरहि पोटांतील दारू रक्तांत भिनतच असते. म्हणून निजलेला मनुष्य शुद्धीकडे न येतां अधिक खोल जाऊं शकतो.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा परीक्षेचा निकाल लागला त्या रात्रीं मित्रांबरोबर प्याला. तो बेशुद्ध झालेला पाहून मित्र घाबरले. परंतु त्यांना भय वाटलें तें मरणाचें नव्हे, त्याच्या वडिलांचें. ‘निजूं द्या, सकाळपर्यंत उतरेल,’ असें म्हणून त्यांनीं त्याला उताणा निजविलें, पंखा लावला आणि दार ओढून घेतलें. झोपेंत वांती झाली आणि ती श्वासनलिकेंत गेली. सकाळीं चहा घेऊन गेलेल्या मित्राला तो उठवितां आला नाहीं. ते मित्र दुष्ट नव्हते. त्यांना एवढी एक गोष्ट कोणीं सांगितलेली नव्हती; आणि त्यांना शिकविणारांत मीहि एक होतों.

ती गोष्ट आज सांगतों. हाक मारून, हलवूनहि जो जागा होत नाहीं, ज्याचा श्वास मंद किंवा थांबतथांबत चालतो, ज्याचें अंग गार आणि ओठ निळसर पडतात, तो झोपलेला नसतो. त्याला विषबाधा झालेली असते. यांपैकीं एक लक्षण दिसलें तरी पुरे. त्याला कुशीवर वळवावें, क्षणभरहि एकटें सोडूं नये, बळेंच ओकवूं नये, आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

दारू पिऊं नये हें मी जन्मभर सांगत आलों व आजहि सांगतों. पण आईबापांनो, आपल्या धाकानें मुलें दारू सोडतील कीं नाहीं कोण जाणे. मदत मागण्याचें मात्र सोडतात. तेव्हां आज रात्रीं जेवतांना घरांत एवढें बोलून ठेवा : ‘कितीहि वाजोत, कसाहि असलास, तरी फोन कर. जाब मागाहून विचारूं, आधीं येऊं.’