धनाजी वाकडेंचा बंगला आणि आपला बायोडाटा

बसमध्ये असाल तर आवाज जरा कमी ठेवा. आज आपण ‘धुमधडाका’वर बोलणार आहोत, आणि मध्येच फिसकन हसलात तर बाजूच्या सीटवरचे काका मोबाईलमध्ये डोकावणारच.

तर ‘धुमधडाका’, १९८५. दिग्दर्शक म्हणून महेश कोठारेंचा पहिला सिनेमा. त्याआधी लोक त्यांना ओळखायचे ते १९६३ च्या ‘छोटा जवान’मधला बालकलाकार म्हणून. या सिनेमापासून त्यांना पाच अक्षरी नावांचा नादच लागला. धुमधडाका, दे दणादण, थरथराट, धडाकेबाज, झपाटलेला. मोजून बघा. आमच्या ऑफिसात व्हेरिएबलला नावं देतानाही कोणी एवढी शिस्त पाळत नाही.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो. धनाजी वाकडे म्हणजे शरद तळवलकर. पैसा भरपूर, संताप त्याहून जास्त. मुलींची लग्नं श्रीमंत घरातच करायची, हा हट्ट. मुलगा लक्ष्या, त्याला सिनेमा काढायचं वेड, आणि त्यासाठी बापाच्या तिजोरीवर डोळा. हिरो महेश साध्या घरातला. मग त्याचा मित्र, म्हणजे अशोक सराफ, पिकलेले केस लावून, हातात पाईप धरून त्याचा गडगंज बाप होतो. यदुनाथ जवळकर! अन् त्या पाईपच्या ठसक्यातून निघालेलं ते ‘व्याख्या विख्खी वुख्खू’. चाळीस वर्षं झाली, अजून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर त्याचं स्टिकर फिरतं. ज्या पोट्ट्यांनी सिनेमा पाहिलाच नाही तेही पाठवतात.

एक गंमत बघा. अशोक सराफ तेव्हा अडतिशीच्या आसपास, आणि महेश कोठारे त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. म्हणजे सहा वर्षांच्या अंतरात बाप-लेक! आणि ते आपल्याला पटतं. मेकअप काही इतका भारी नाही. पण हा माणूस श्रीमंतीची नक्कल कुठून करतो ते पाहा. तो नोटांची बंडलं दाखवत नाही. तो बोलणं अर्धवट सोडतो, समोरच्याला ताटकळत ठेवतो, खोकतो आणि तो खोकला संपेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागतं. श्रीमंत माणसाला घाई नसते, हे त्याला नेमकं कळलंय. स्वतः अशोक सराफ सिनेमात स्थिरावण्याआधी कित्येक वर्षं स्टेट बँकेत नोकरीला होते. काउंटरवर कोण कसं उभं राहतं, हे त्यांनी तिथंच टिपलं असेल, असा माझा आपला अंदाज.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. ही गोष्ट मूळ मराठी नाही. १९६४ साली सी. व्ही. श्रीधर यांनी तमिळमध्ये ‘कादलिक्क नेरमिल्लै’ काढला. १९६६ ला तोच हिंदीत ‘प्यार किये जा’ झाला. त्यात खोटा बाप किशोर कुमार, सिनेमावेडा मुलगा मेहमूद आणि बाप ओम प्रकाश. एकाच कोडचे वेगवेगळे फोर्क म्हणा ना. मेहमूद ओम प्रकाशला आपल्या भुताच्या सिनेमाची स्टोरी ऐकवतो तो सीन यूट्यूबवर मिळतो. डोळे मिटून ऐका. पडद्यावर भूत नाही, वाडा नाही, दोन माणसं खोलीत बसलीयत आणि एक जण नुसता तोंडाने दार, वारा, पाऊल वाजवतोय. आम्ही पॉडकास्टवाले माइक कुठला घ्यावा यावर महिनाभर भांडतो, आणि यांनी १९६६ मध्येच विषय संपवला.

पण मला सगळ्यात आवडतं ते तमिळ सिनेमातलं एक गाणं. मालकाने हिरोला कामावरून काढलंय. हा पठ्ठ्या पोरं जमवून त्याच्या बंगल्यासमोर तंबू ठोकतो आणि नोकरी परत द्या म्हणून नाचत-गात बसतो. उपोषण, मोर्चा आणि डिस्को, तिन्ही एकदम! आपल्याकडे आता कामावरून काढतात ते मेलने. दुपारी लॉगिन बंद. तंबू ठोकायचा तर कोणाच्या दारात? मालकाचा बंगला कुठल्या देशात आहे तेच माहीत नसतं.

असो. खरा मुद्दा पुढे आहे.

हिरोला जावई व्हायला काय लागतं? श्रीमंत बाप. नसेल तर भाड्याने आणा. हे १९८५ चं झालं. आज सेलू, देवळी, आर्वी, कुठल्याही तालुक्यात लग्नाचं बोलणं काढा, पहिला प्रश्न येतो, “पोरगा नोकरीवर आहे का?” दुसरा, “पुण्यात फ्लॅट आहे का?” माझा एक मित्र, घरी बारा एकर, विहिरीला पाणी, कपाशी-तूर-सोयाबीन स्वतः बघतो. कृषीची डिग्री आहे. तिशी आली, जमत नाही. शेवटी त्याच्या मामानं बायोडाटात लिहून टाकलं, ‘खासगी नोकरी, नागपूर’. मी म्हटलं, “काऊन बे, कंपनी कोणती सांगशीन?” तो म्हणे, “विचारलं तं सांगू, वर्क फ्रॉम होम हाय.” आम्ही खूप हसलो. मग तो म्हणाला, “पण भाऊ, तिनं साखरपुड्यानंतर विचारलं तर?” आणि कोणालाच बोलता येईना.

मुलींना दोष देणं सोपं आहे. ग्रुपवर रोज देतातच लोक. पण ज्या मुलीनं बापाला कापूस विकून आल्यावर ओट्यावर गप्प बसलेलं पाहिलंय, आईला भर उन्हात वेचणी करून रात्री पुन्हा चुलीपाशी पाहिलंय, ती सातबारा बघून कशी भुलेल? वर्धा जिल्ह्यात शेतकरी आत्महत्या ही कोणासाठी नुसती बातमी नाही. ती सुरक्षितता मागतेय. तिचा प्रश्न बरोबर आहे, आणि माझ्या मित्राचाही.

सिनेमा इथे थोडी चलाखी करतो, हे आता बघताना खटकतं. मूळ तमिळ गोष्टीत खोटा बाप झालेला मित्र स्वतःच श्रीमंत निघतो, त्याचा खरा बाप तर मुलींच्या बापाचा जुना दोस्त. म्हणजे अर्ध्या खोट्याचं आपोआप खरं होतं. गरीब हिरोचं खोटं हसण्यावारी जातं. आणि ज्या मुलींच्या लग्नावरून एवढा धुडगूस, त्यांचं म्हणणं फारसं कोणी विचारत नाही. तरीही मी दर वर्षी बघतो, कारण तळवलकरांचा चेहरा यदुनाथरावांसमोर जो विरघळतो ना, तसा चेहरा मी बघण्याच्या कार्यक्रमांत प्रत्यक्ष पाहिलाय. पॅकेजचा आकडा कानावर पडला की पोहे लगेच दुसऱ्यांदा येतात.

मित्राचं पुढे काय झालं? त्यानं ती ओळ खोडली. आता तिथं लिहिलंय, ‘शेती, १२ एकर ओलित’, आणि खाली सोसायटीच्या कर्जाचा आकडासुद्धा. मामा अजून बोलत नाही त्याच्याशी. गेल्या रविवारी हिंगणघाटकडून एक फोन आला होता. मुलीनं स्वतः केला होता, आणि पहिला प्रश्न विचारला तो कर्जाच्या व्याजदराचा.