दूध तुटलेल्या पिल्लाचं पोट

आज मी वराहाच्या पिल्लाच्या एकाच आठवड्याबद्दल बोलणार आहे. आईचं दूध तुटतं तो आठवडा. वराहपालनाचा नफा-तोटा पुष्कळसा तिथेच ठरतो.

आईपासून वेगळं केलेलं पिल्लू पहिल्या दिवशी जवळजवळ काहीच खात नाही. मग भुकेनं खाद्यावर तुटून पडतं. एक-दोन दिवसांत शेपटीखाली ओलं दिसतं, पाठीला बाक येतो, केस उभे राहतात. हगवण लागली! औषधाची बाटली उघडण्याआधी आत काय बिघडलं ते पाहू या. दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं, आणि इतके दिवस पिल्लाचं जठर त्यावरच आंबट राहिलेलं असतं. स्वतःचं आम्ल पुरेसं तयार करायला त्याला अजून काही आठवडे हवे असतात. नेमकं तेव्हाच आपण सोयाबीन पेंड आणि चुनखडी घातलेला मक्याचा भरडा पुढ्यात ठेवतो. चुनखडी उरलंसुरलं आम्ल मारते, पेंडीतली प्रथिनं अर्धीकच्ची खाली उतरतात आणि ई. कोलाय जिवाणूंचं फावतं. आतड्यातले अन्नरस शोषणारे अंकुर उपासानं काही दिवसांतच आखूड होतात.

यावर, आणि वाढ जलद व्हावी म्हणूनही, जगभर खाद्यातच प्रतिजैविकं मिसळली गेली. स्वीडननं वाढीसाठीचा हा वापर १९८६ साली बंद केला, युरोपीय संघानं २००६ पासून. झिंक ऑक्साइड हगवण थांबवतं खरं, पण टनामागे तीन किलोच्या आसपास द्यावं लागतं आणि बरंचसं जस्त विष्ठेतून जमिनीत उतरतं. युरोपात तो औषधी वापरही २०२२ मध्ये थांबला. कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद न देण्याची ताकद देणारं, जिवाणूंमध्ये सहज पसरणारं जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांतही सापडलं. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं हे औषध! भारतानं २०१९ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली, ते योग्यच झालं.

मग द्यायचं काय? माझ्या मते पहिला मान आम्लांचा. शंभर किलो खाद्यात किलोभर सायट्रिक आम्ल, आणि त्या दिवसांत चुनखडी व पेंड दोन्ही कमी. दुसरं, यीस्टच्या पेशीभित्ती. काही रोगजंतू आतड्याऐवजी त्यांनाच चिकटून बाहेर पडतात. हे यीस्ट येतं कुठून? वाळूजला बिअरचे कारखाने आहेत. बिअर गाळल्यावर उरणारं यीस्ट हे या पूरकाचं एक मूळ. उपयोगी जिवाणूंची पूरकंही चांगली, पण हॉटेलचं उरलेलं अन्न चारणाऱ्यांनी एक सांभाळावं. आफ्रिकन स्वाइन फीवरच्या भीतीनं ते अन्न उकळावंच लागतं, आणि उकळत्या अन्नात घातलेले लॅक्टोबॅसिलससारखे उपयोगी जिवाणू मरतात. अन्न थंड झाल्यावरच ते मिसळा.

वराहगृह ओलं असेल, पाणी घाण असेल, पिल्लू फार लवकर तोडलं असेल, तर कुठलंही पूरक वाया जातं. पिल्लू आईजवळ असतानाच त्याला थोडं थोडं खाद्य चाटायला शिकवा. आणि पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय खाद्यात प्रतिजैविक टाकू नका, एवढं मनावर घ्या.