जुने घर पाडण्यापूर्वी
(धर्मग्रामाच्या शतकोत्सवी सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



शतकोत्सवाच्या मंगलप्रसंगी मी पूर्वजांचे गुणगान करावे, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आपल्या देवळामागील कौलारू घर, ज्यात प्रथम धर्मगुरू राहत व पुढे शाळा भरे, ते येत्या पावसाळ्यापूर्वी पाडावयाचे ठरले आहे, आणि त्या ठरावावर माझीही सही आहे. वाळवीने पोखरलेल्या वाशांखाली मुलांना बसविणे मला पाप वाटते. घर जाणारच. त्याबरोबर आणखी काय जाईल, एवढेच मी आज बोलणार आहे.

आपण वसईची माणसे. ज्यास आपण किल्ला म्हणतो, ते सुमारे दोनशे वर्षे नांदते शहर होते. तेथे रस्ते होते, वाडे होते, विद्यालय, मठ व देवळे होती. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने ते जिंकले. पोर्तुगीज निघून गेले. आपले पूर्वज येथेच राहिले. फ्रान्सिस्कन मठाच्या देवळात जमिनीवर अक्षरे कोरलेल्या शिळा आजही आहेत. खाली कोण निजले आहे ते त्या सांगतात, पण पोर्तुगीज भाषेत. आणि छायाचित्रे काढावयास आलेली मंडळी त्यांवरून चालत जातात. त्याच तटाच्या आत येशूसंघाचे देऊळ आहे. १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य पत्करलेल्या व १८६२ साली संतपदास पोहोचलेल्या आपल्या गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला तेथे पवित्र मिस्साबली अर्पण होतो. म्हणून ते देऊळ कोणाचे, हे आपले लहान मूलही सांगते.

वसईच्या घंटा तर दूरवर गेल्या. एक नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरात आहे, एक वाईजवळ मेणवलीस. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती आहे. ती पाहताना मला प्रथम, खरे सांगतो, थोडा मत्सर वाटला. पण तेथील लोक ती 'वसईची घंटा' म्हणून आदराने दाखवितात. ती आपल्या कोणत्या देवळाच्या मनोऱ्यात वाजत होती, हे मात्र मला, वसईकराला, सांगता आले नाही. तेव्हा मत्सराची लाज झाली.

उलट मुंबईत दादरला पाहा. तेथील देवळाची स्थापना १५९६ ची; आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात अगदी नव्या धर्तीवर उभारली. इमारत बदलली, तरी त्या परिसरास सारे शहर 'पोर्तुगीज चर्च' याच नावाने ओळखते, आणि ते नाव घेणाऱ्यांत ख्रिस्ती किती थोडे!

आता आपल्या घराकडे वळतो. त्याच्या ओसरीच्या दाराच्या चौकटीवर कोयत्याने पाडलेल्या खाचा आहेत, काही जवळजवळ, काही दूर. मी येथे आलो तेव्हा अनेकांस विचारले. कोणी म्हणाले, पोरांचा खोडसाळपणा. शेवटी एका वयोवृद्ध बायने उलगडा केला. देऊळ बांधताना प्रत्येक आळीने भाताच्या टोपल्या आणून दिल्या, आणि अक्षरओळख नसलेल्या माणसांनी तो हिशेब चौकटीवर ठेवला. तिने ते आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकले होते. ती बाय गेल्या उपवासकाळात प्रभुघरी गेली. कोणती खाच कोणत्या आळीची, हे विचारावयाचे माझ्याकडून राहिले. पुढल्या भेटीत विचारू, असे म्हणत मी दोन वर्षे घालविली.

चौकट काढून जपून ठेवण्यास सुताराला सांगितले आहे. आज जेवणानंतर मी त्याच ओसरीवर वही घेऊन बसणार आहे. त्या घराविषयी ज्यांना जे ठाऊक असेल ते त्यांनी सांगावे, मी स्वतः लिहून घेईन. ज्या घरी टोपल्यांची गोष्ट कधी निघाली असेल, त्यांनी कृपा करून प्रथम यावे.