जळगाव ते धुळे, ळ मोजत

आम्ही दोघी पिकांच्या रोगांचा अभ्यास करतो, म्हणजे दिवसभर पानांवरचे डाग मोजतो. मोजायची ही खोड घरीही सुटत नाही. भाकरी फुगायला किती वेळ लागला, माठातलं पाणी दुपारपर्यंत किती उतरलं, असले आमचे उद्योग. घरच्यांनी आता हात टेकलेत.

मध्यंतरी एसटीनं जळगावहून धुळ्याला निघालो. मोजायला पानं नव्हती, म्हणून ळ मोजायला घेतला. झालं असं, की गाडीच्या पाटीवर 'धुळे' लिहिलेलं आणि कंडक्टर दारातून ओरडत होते, "चला, धुये, धुये!" मागचे आजोबा फोनवर सांगत होते की ते 'जयगाव'हून निघालेत. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सुमारे ९० किलोमीटरची ही वाट म्हणजे ळची नुसती माळ आहे. जळगाव, पाळधी, पारोळा, धुळे! एका एरंडोलनं काय ती सुटका करून घेतली. आणि गाडीतल्या तोंडांत पाहावं, तर ळ औषधालाही नाही. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया.

वहीत दोन रकाने आखले, एक ळचा, एक यचा. एरंडोल येईपर्यंत ळच्या रकान्यात इनमीन तीन रेघा होत्या. त्यातल्या दोन आमच्याच.

मग सिद्धान्त मांडणं आलंच. ळ म्हणायला जिभेचं टोक मागे वळवून टाळूला टेकवावं लागतं. य म्हणताना जीभ नुसती उचलली की झालं. म्हणजे कष्ट वाचवायचे म्हणून य, असं आम्ही ठरवून टाकलं. तेवढ्यात शेजारच्या मावशींनी विचारलं, "कोठे जाई ऱ्हायनी, माय?" त्या 'कोठे'तल्या ठनं आमचा सिद्धान्त जागेवर पाडला. ठ म्हणतानाही जीभ तशीच मागे वळते, आणि मावशींचा ठ असा खणखणीत की खिडकीची काच वाजावी. जीभ आळशी असती, तर ठ कसा टिकला असता?

आता कुणी म्हणेल, ळ गेला म्हणजे भाषा बिघडली. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे. पुढच्या संस्कृतनं मात्र तो सोडून दिला. कालिदासाचं त्यावाचून काही अडलं नाही, आणि त्याला कुणी गावंढळही म्हटलं नाही. तिकडे रावेर-यावलची लेवा बोली आणि इकडे धुळे-अमळनेरची अहिराणी, दोघींचं व्याकरण वेगळं. 'आहे'ला 'शे' म्हणावं ते अहिराणीनंच. पण ळ सोडण्यात दोघी सख्ख्या बहिणी.

मावशींनी वहीत डोकावून विचारलं, हे काय लिहिता? आम्ही फुशारकीनं सांगितलं, आम्ही शास्त्रज्ञ आहोत. चूक झाली. मावशी सावरून बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "आपण धुळ्याला कुणाकडे चाललात?" चांगला घोटून म्हटलेला ळ! मोजायला गेलं की मोजायची गोष्टच बदलते, हे प्रयोगशाळेत माहीत होतं. इथे ते बघून हसू आलं नाही, कारण रावेर तालुक्यातल्या एका गावाची आठवण झाली.

तिथे केळीवरच्या हरण्या रोगाची सभा होती. पुस्तकात त्याला कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणतात. हा विषाणू मावा पसरवतो. एकदा झाड लागलं की औषध नाही, ते उपटून नष्ट करायचं, आणि तेही लवकर, नाहीतर मावा शेजारच्या झाडावर जातो. केळीत काकडी, टोमॅटो, मिरची घेऊ नये ती याचसाठी, विषाणू तिथेही मुक्काम करतो. हे सगळं आम्ही पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. पुढे पुरुष, मागे बाया. प्रश्न आहेत का? बाया गप्प.

चहाच्या वेळी निंदणीला जाणारी एक ताई हळूच म्हणाली, त्या पिवळ्या रेघा तिनं पंधरा दिवसांपूर्वीच पाहिल्या होत्या, कोवळ्या पानावर, बांधाकडच्या तीन झाडांना. आता त्या वावरात कितीतरी झाडं उपटावी लागणार होती. मग सांगितलं का नाही? "आमचं बोलनं आयकून तुम्ही हासले असते," ती म्हणाली.

तिला असं वाटावं, असं आमच्याकडून काय झालं होतं, ते आम्ही घरी येईपर्यंत आठवत राहिलो. फार शोधावं लागलं नाही. सभेच्या सुरुवातीला एकीनं 'केयी' म्हटलं, तेव्हा आम्ही हसून 'केळी' अशी दुरुस्ती केली होती. ज्या बहिणाबाईंचं नाव आमच्या जळगावच्या विद्यापीठाला आहे, त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलानं आणि नातलगांनी ऐकून उतरवलं, म्हणून १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकात आली. ऐकणाऱ्यांनी दुरुस्त्या काढल्या असत्या तर?

आता सभेत बायांना पुढे बसवतो आणि सुरुवात आम्हीच करतो, "केयीले काय झालं?" आमचा उच्चार इतका वाईट, की बाया पदर तोंडाला लावून हसतात. दोघीचौघी दुरुस्तही करतात. मग पानांचं बोलणं सुरू होतं.

गाडीतही वही पिशवीत टाकली आणि मावशींना कळण्याच्या भाकरीबद्दल विचारलं. पारोळ्यापर्यंत ळ टिकला, मग उडीद-ज्वारीच्या प्रमाणावरून आमचा वाद झाला आणि तो गेला. धुळ्याच्या स्टँडवर गाडी वळली, तशी त्यांनी आमच्या खांद्याला हात लावला. "उतरा माय, धुये उनं."